तीन मिनिटं

देवदत्त पाटणकर हा माणूस कागदावर कधी हरला नव्हता. प्रत्यक्षात पुष्कळदा हरला होता. कॉलेजच्या क्रिकेट संघात त्याला कोणी घेतलं नाही, बढती दोनदा हुकली, आणि बायकोशी वाद घालून तर लग्न झाल्यापासून त्याच्या खात्यात एकही विजय नव्हता. पण समोर कागद आला की तो वेगळाच माणूस व्हायचा. इंदूरजवळ पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. गोळ्यांची एखादी बॅच चाचणीत नापास झाली की सगळे घाबरेघुबरे होऊन त्याच्या टेबलाशी यायचे, आणि हा शांतपणे चष्मा पुसत विचारायचा, "चाचणी कोणी केली?" गोळीच चुकली असं म्हणावं तर सगळा माल टाकून द्यावा लागतो. तपासणाऱ्याचा हात चुकला म्हटलं की चाचणी पुन्हा घेता येते. मग तपासणाऱ्याच्या नावापुढे 'हाताळणीतील त्रुटी' असा शेरा पडायचा, त्या माणसाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळायचं आणि फेरचाचणीत बॅच पास व्हायची. कधीकधी तपासणाऱ्याचा हात खरोखरच चुकलेला असायचा.

त्याची मुलगी शमिका चौथीत होती. शाळेने त्या वर्षी पाचवीपासून हुशार मुलांसाठी 'स्पार्क' नावाचा वेगळा वर्ग काढायचं ठरवलं होतं. बारा मुलं, स्वतंत्र शिक्षक, स्वतंत्र प्रयोगशाळा, वर्षातून एकदा अहमदाबादची सहल. जानेवारीत परीक्षा झाली. ती होण्याआधीच देवदत्तने कराडला बहिणीला फोन करून टाकला होता, ऑफिसात चार जणांना सांगून झालं होतं, आणि इंदूरच्या वेशीवरच्या राऊ गावात, त्यांच्या सोसायटीत तर सचिवाने त्याचं अभिनंदनही केलं होतं. मग पालकांच्या ग्रुपवर यादी आली. शमिका चौदावी होती.

तो दिवस देवदत्तने कसाबसा काढला. ऑफिसात कोणी विचारलं तर म्हणाला, निकाल लागायचाय अजून. बहिणीचा फोन त्याने घेतलाच नाही. घरी आल्यावर शमिकाने दारातच सांगितलं, "बाबा, मी फोर्टीन्थ आले, शंभरातून." तिच्या आवाजात दुःखाचा मागमूस नव्हता. शंभरात चौदावं येणं तिला चांगलंच वाटत होतं. देवदत्तने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जवळजवळ आलीसच की" म्हणाला. ते "जवळजवळ" त्याने असं काही म्हटलं की पोरीचा चेहरा उतरला. आपण तिला नापास करून टाकलं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही.

शाळेच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक नियम होता. गुणांबद्दल तक्रार चालणार नाही. परीक्षा घेण्याच्या पद्धतीत काही चूक झाली असेल तर सात दिवसांत लेखी अपील करावं. चूक सिद्ध झाल्यास त्या विद्यार्थ्याची फेरपरीक्षा होईल. हे वाचलं आणि देवदत्तचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे तर त्याचंच मैदान होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि शमिकाला शेजारी बसवलं.

"पेपर वेळेवर मिळाला होता?"

"हो."

"शेजारी कोणी बोलत होतं? बाहेर आवाज?"

"नाही बाबा."

"वर्गात मॅडम कोण होत्या?"

"जगदाळे मॅडम." शमिकाचे डोळे चमकले. "त्यांनी मला वाचवलंच. मी सगळं करून पेन्सिल ठेवून बसले होते न, तर त्या जवळ आल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, बेटा पान पलट, मागे पण आहे. मला तर माहीतच नव्हतं. मागे दोन मोठी मोठी कोडी होती. त्यांनी नसतं सांगितलं तर माझी राहूनच गेली असती."

"किती वेळ बोलल्या?"

"एवढंच बोलल्या."

"तरी अंदाजे?"

शमिकाने प्रामाणिकपणे छताकडे बघून विचार केला. "एक मिनिट. नाही, एक मिनिट पण नाही."

देवदत्तने टाइप करायला सुरुवात केली. खोली क्रमांक सहामधील पर्यवेक्षिकेने, परीक्षा चालू असताना, परीक्षेच्या माध्यमाव्यतिरिक्त अन्य भाषेत परीक्षार्थीशी सुमारे तीन मिनिटे संभाषण केले, परिणामी परीक्षार्थीच्या एकाग्रतेत गंभीर व्यत्यय आला. इंग्रजीत हे वाक्य अजूनच सोवळ्यातलं दिसत होतं. तीनच मिनिटं का, तर एका मिनिटाकडे कोणी लक्ष देत नाही आणि पाच म्हटलं की लोक चौकशीला लागतात. तीन कसं अंगासरसं बसतं. हा अनुभवाचा भाग असतो. "मागे दोन मोठी कोडी होती" हे वाक्य मात्र कुठेच बसेना, म्हणून ते त्याने घेतलं नाही.

त्याची बायको ऋजुता राऊच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने खांद्यावरून वाकून वाचलं आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवरच थांबला.

"अरे, पण हे तर आपल्या बाईंबद्दल आहे."

"नाव कुठे आहे कुणाचं?"

"सहा नंबरच्या खोलीत दुसरं कोण होतं?"

"त्याने काय होतं, ऋजुता? एक पत्र निघेल, त्या उत्तर देतील, फाइल बंद. आमच्याकडे आठवड्याला चार निघतात. हे माणसाविरुद्ध नसतंच, पद्धतीविरुद्ध असतं."

ऋजुता आणखी काहीतरी म्हणणार होती. पण शमिकाची ती जागा तिलाही हवी होती, मनापासून हवी होती, आणि म्हणून ती गप्प बसली. बायकोविरुद्धचा पहिला विजय देवदत्तला असा मिळाला.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. यशोधरा जगदाळे. यांच्या सासरचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडदळाबरोबर आले ते इंदूरचेच झाले. सासरे जयसिंगराव तर कोणी "तुम्ही मूळचे कुठले" असं विचारलं की रागवायचे म्हणे. बाई त्या शाळेत एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवत होत्या. तीन वर्षांपूर्वी पाटणकर मंडळी कराडहून इथे आली तेव्हा शमिकाला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पहिले दोन महिने ती शाळेच्या फाटकाला धरून रडायची. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत स्वतःजवळ बसवून घेतलं, स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं आणि दिवाळीपर्यंत पोरगी वर्गात हिंदीतून भांडायला लागली. घरासाठी दूधवाला, कामाला बाई, ऋजुतासाठी दातांचा डॉक्टर, सगळं त्यांनीच मिळवून दिलं. परक्या गावात पहिल्या संक्रांतीला घरी येऊन हळदीकुंकू घेणारी बाई ती एकच. हे सगळं देवदत्तला ठाऊक होतं. त्याने "पाठवा"वर बोट ठेवलं तेव्हाही ठाऊक होतं.

दहा-बारा दिवस गेले. एका शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या. एरवी त्यांच्या हातात डबा असायचा. आज पिवळा लिफाफा होता.

"देवदत्तजी, घरीच आहात न? मी म्हटलं शनिवार आहे, तर भेटूनच जातील." त्या आत येऊन सोफ्याच्या कडेवर टेकल्या. चढून आल्यामुळे धाप लागली होती. "एक काम घेऊन आले आहे. नाही म्हणू नका."

"बोला न बाई."

"कोणी तरी माझी शिकायत केली आहे. एकतीस सालात पहिल्यांदा." बोलताना त्या हसल्या, पण हसणं ओठांपर्यंतच आलं. "प्रिन्सिपल मॅडमने लेटर दिलं. सोमवारपर्यंत जवाब मागितला आहे, तो पण इंग्लिशमध्ये. आणि मला तर ही इंग्लिश समजूनच नाही राहिली. दोन दिवस घेऊन बसली होती मी. मग म्हटलं, आपल्या घरचा माणूस या कामात इतका हुशार असताना दुसऱ्याकडे कशाला जायचं?"

देवदत्तने लिफाफ्यातून कागद काढला. दुसऱ्या परिच्छेदात त्याचं वाक्य होतं. शाळेच्या ऑफिसने स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता. त्याचे कान तापले. कागद डोळ्यांसमोर धरून तो बराच वेळ वाचत राहिल्यासारखं करत होता, कारण कागद खाली केला की बाईंचा चेहरा दिसणार होता.

"कोणी केली, काही कळलं?" त्याने विचारलं. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"नाव नाही सांगत. गोपनीय आहे म्हणे. असेल कोणी. चोवीस बच्चे होते खोलीत, कोणी तरी घरी सांगितलं असेल, मॅडम मराठीत बोलल्या म्हणून. मला नको आहे नाव. नाव समजलं की त्या बच्च्याकडे बघायची आपली नजर बदलून जाते. मार्चपर्यंत तर शिकवायचं आहे मला त्यांना."

"मार्चपर्यंत?"

"रिटायर होते न मी. तसं प्रायमरीच्या बायकांना दोन वर्षं वाढवून देतात, रेकॉर्ड साफ असलं तर." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "घरी बसून काय करणार मी, सांगा. मला तर दुसरं काही येत पण नाही."

ऋजुता पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नवरा-बायकोची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती लगेच सोडवून घेतली.

"आणि एक विचारायचं होतं," बाईंनी आवाज खाली आणला. "त्यात लिहिलं आहे, कोणत्या बच्च्याशी बोललात ते सांगा. मी नाही सांगितलं. ती आपली शमी होती. तिचं अपील चालू आहे, ऋजुता बोलली होती मला. माझ्या नावाबरोबर तिचं नाव आलं आणि अपील बिघडलं तर? म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी तिचं नाव नाही लिहिणार. तुम्ही नको म्हटलं तर बिलकुल नाही लिहिणार, मग होऊ दे काय व्हायचं ते."

तक्रार आणि अपील, दोन्ही गोष्टी बाईंच्या समोर होत्या, एकीला दुसरी चिकटवली की उत्तर. चौथीच्या पोरानेही चिकटवली असती. ती त्यांनी चिकटवली कशी नाही, याचं देवदत्तला आधी आश्चर्य वाटलं आणि मग त्या आश्चर्याचीच लाज वाटली. त्यांच्या मनाला हा विचार शिवलाच नव्हता. शिवण्याची जागाच नव्हती तिथे.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि "बाई, ते मी लिहिलंय" एवढे चार शब्द म्हणायचे. देवदत्तने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी लॅपटॉप आणतो."

टेबलाशी बसून तो कोरा पडदा बघू लागला. एकाच खटल्यातल्या दोन्ही बाजू एका माणसाने लिहायच्या, असं कारखान्यात कुणी केलं असतं तर त्याने त्या माणसाला घरी पाठवलं असतं. बाईंनी कबूल केलं तर शमिकाला फेरपरीक्षा मिळत होती आणि बाईंची दोन वर्षं जात होती. बाईंनी नाकारलं तर उलट. आणि दोन्ही वाक्यं त्याच्याच बोटांतून यायची होती.

"असं लिहू या," तो म्हणाला, "की असं काही बोलल्याचं तुम्हाला आठवत नाही. म्हणजे नावाचाही प्रश्न येत नाही आणि..."

"पण आठवतं तर आहे."

"हो, पण लेखी देताना..."

"नाही हो देवदत्तजी. आठवतं आहे तर नाही आठवत कसं लिहू? मी वर्गात बच्च्यांना काय सांगते मग?" त्यांना राग आलेला नव्हता. त्या समजावून सांगत होत्या, शमिकाला सांगायच्या तसं.

तेवढ्यात शमिका खालून सायकल लावून आली. बाईंना बघून तिने चप्पलसुद्धा नीट काढली नाही, धावत येऊन त्यांच्या शेजारी बसली. बाईंनी तिची सुटलेली वेणी हातात घेतली आणि बोलता बोलता घालायला लागल्या.

"एक काम करा, त्यात माझ्यावर नक्की काय काय लावलं आहे ते एकदा नीट ऐकवा मला. म्हणजे एकेकाचा जवाब देऊ."

"मी सांगतो थोडक्यात," देवदत्तने कागदाकडे हात केला.

"शमी वाचेल. तिची रीडिंग बघा तरी किती छान झाली आहे, मीच करवून घेतली आहे. वाच बेटा. आणि मराठीत सांग मला."

"तिला कशाला त्यात..." देवदत्त अर्धवट उठला. ऋजुताही पुढे आली. पण कागद शमिकाच्या हातात गेला होता, आणि मॅडमसमोर वाचायचं म्हणून ती ताठ बसली होती. तिने खणखणीत आवाजात इंग्रजी वाचलं, अवघड शब्दांना अडखळली, मग मान वर करून सांगायला लागली.

"यात लिहिलंय की रूम नंबर सिक्समधल्या मॅडम दुसऱ्या भाषेत बोलल्या, तीन मिनिटं, आणि त्यामुळे जी परीक्षा देत होती तिला डिस्टर्ब झालं." ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती वडिलांकडे वळली. हिशेब चुकला की हात वर करून सांगायचं असतं, तेवढ्याच सरळपणे ती म्हणाली, "तीन नाही बाबा. मी तुला एक मिनिट सांगितलं होतं. आणि डिस्टर्ब तर मी म्हटलंच नव्हतं."

बाईंचे हात वेणीत थांबले.

खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना टुंटुं वाजत होती, ती वाजायची थांबली. देवदत्त अर्धवट उठलेला होता. पुढे उठावं की खाली बसावं हेही त्याला कळेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगीच नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्याला बाईंकडे बघवत नव्हतं, पण त्याहून कठीण म्हणजे शमिकाकडे बघवत नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. तिला अजूनही वाटत होतं, बाबाची टायपिंगची चूक झाली असेल.

"अच्छा," बाई म्हणाल्या.

त्यांनी वेणी पुरी केली, रबर लावलं, आणि शमिकाच्या हातातून कागद घेऊन घडी घातली. मग कागदाकडेच बघत बोलल्या.

"मला विचारलं असतं न देवदत्तजी, तर मीच लिहून दिलं असतं तुम्हाला. शेवटच्या पानावर मागे पलटायची खूणच नव्हती छापलेली. त्याच दिवशी मी ऑफिसात बोलले होते. अपीलला हे एक कारण पुरलं असतं."

"बाई, मी..." देवदत्तने सुरुवात केली.

"तसं पाहिलं तर शिकायत बरोबरच आहे. उलटी आहे, पण आहे बरोबर." त्यांचा आवाज आता कापत होता. "त्या खोलीत अजून चार बच्चे पेन्सिल ठेवून बसले होते. मला दिसून राहिले होते चौघं. मी फक्त शमीला सांगितलं. आपली आहे म्हणून. मराठी आहे, माझ्या डब्यातलं खाल्लेली आहे, म्हणून. बाकीच्यांजवळ नाही गेले. घरी गेल्यावर झोप नाही आली मला त्या दिवशी. तर तुम्ही आता हेच लिहा."

"असं नका लिहू, बाई," ऋजुता दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अशाने तर तुमचंच नुकसान..."

"नाही बेटा. जे आहे तेच लिहायचं. आणि नाव लिहू की नको, ते सांगा मला. अजून सांगितलं नाही तुम्ही."

एवढं सगळं कळल्यावरही त्या परवानगी मागत होत्या. देवदत्तने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही उमगलं नाही. उत्तर शमिकाने दिलं. ती म्हणाली, "लिहा न मॅडम. माझंच तर नाव आहे."

मग बाई सांगत गेल्या आणि देवदत्त टाइप करत गेला. मी शमिका पाटणकर या विद्यार्थिनीला मराठीत पान उलटायला सांगितलं. एका मिनिटाहून कमी वेळ लागला. तिला त्रास झाला नाही, फायदा झाला. इतर चौघांना सांगितलं नाही, ही माझी चूक आहे. देवदत्तने इतकी वर्षं इंग्रजी लिहिली, पण इतकी साधी इंग्रजी त्याला कधी लिहावी लागली नव्हती. शब्दांत कुठे लपायला जागा नव्हती. त्याने कागद छापून दिला. बाईंनी खाली सही केली. पोरांच्या वहीवर करायच्या तशी, सुवाच्य.

चहा त्यांनी घेतला नाही. उशीर होतो म्हणाल्या. शमिका त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. देवदत्त खिडकीपाशी उभा होता, पडद्यामागे. त्याला वरून दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"मॅडम, मी काही चुकीचं वाचलं का?"

"नाही बेटा. एकदम बरोबर वाचलं."

सोमवारी देवदत्तने अपील मागे घेतलं. त्यासाठी त्याला चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलेली तीन मिनिटं खोटी होती, व्यत्यय खोटा होता, त्या बाईंनी माझ्या मुलीला मदत केली होती. सकाळी ऑफिसात दार लावून तो बसला. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. हे शाळेच्या फाइलला लागेल, उद्या कुणाच्या हाती पडेल, औषध कंपनीतला माणूस आणि लेखी खोटं देतो म्हणतील. अखेर त्याने 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्याच्या नावावर चूक कशी लिहायची हे त्याला उत्तम येत होतं. स्वतःच्या नावावर लिहायची वेळ आली तर हात चालला नाही.

शाळेने बाईंचं उत्तर वाचून त्या शेवटच्या पानाचे गुण सगळ्यांचेच रद्द केले. नव्या यादीत शमिका एकविसावी आली. बाईंच्या प्रामाणिकपणाची प्रिन्सिपल मॅडमनी शिक्षकांच्या सभेत तारीफ केली म्हणे. मुदतवाढ मात्र दिली नाही. मार्चच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला, ऋजुता आणि शमिका जाऊन आल्या. देवदत्तला त्या दिवशी कारखान्यात तपासणी होती. तपासणी खरंच होती, पण ती नसती तरी त्याने काढली असती. शमिकाला बाईंनी आपला जुना शब्दकोश दिला. घरी आल्यावर ऋजुता म्हणाली, "तुझी चौकशी केली त्यांनी. तब्येत बरी आहे न, विचारत होत्या." देवदत्तने टीव्हीचा आवाज वाढवला.

बाईंचं घर त्याच्या रस्त्यावरच होतं. महिनाभर तो रोज त्या दारावरून गेला. एकदा गाडी थांबवलीसुद्धा. आतून दार उघडल्याचा आवाज आला आणि त्याने गाडी पुढे काढली. जाऊन काय म्हणायचं, हे त्याला ठाऊक होतं. त्या ते ऐकून घेतील आणि वर त्याच्याच मनाला लागू नये म्हणून काहीतरी बोलतील, हेही ठाऊक होतं. तेच त्याला सोसणार नव्हतं.

घरात तसं काही बदललं नव्हतं. शमिका पाचवीच्या साध्या वर्गात गेली, तिला नव्या मैत्रिणी मिळाल्या, ती हसत-खेळत होती. बाबाशी बोलायचीही. पाणी आण म्हटलं तर आणायची, अभ्यास झाला का विचारलं तर झाला म्हणायची. आपल्याला तिने माफ केलं, अशी देवदत्तने स्वतःची समजूत घातली होती. पोरांच्या लक्षात कुठे राहतं इतकं.

जुलैमध्ये एक दिवस तो लवकर घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात शमिका आईला शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती, हातवारे करून, मधेच हसू येऊन वाक्य अर्धवट टाकत. नव्या गणिताच्या सरांबद्दल होतं. ते फळ्यावरचं गणित स्वतःच चुकले, आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, बाबांनो, मला आज बरं वाटत नाही, घरी कुणाला सांगू नका. देवदत्तला हसू आलं. किती दिवसांनी तिला असं बोलताना ऐकत होता तो. आत जावं, तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावावं, म्हणून त्याने बूट काढायला घेतले.

"आई," आतून शमिकाचा आवाज खाली आला, "बाबाला नको हं सांगू हे."

"का गं?"

"तो लिहील."

देवदत्त एक बूट काढून तसाच उभा राहिला. मग त्याने तो पुन्हा घातला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बाहेरून बेल वाजवली. आतलं बोलणं थांबलं होतं. शमिकाने येऊन दार उघडलं, त्याच्या हातातली बॅग घेतली.

"आज शाळेत काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.